टाकीच्या झाकणाचा वारस

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, धंदा लेथकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनने आणि दाराला आतून कडी घालून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला एका डॉक्टरांकडून घेतला. ते डॉक्टर जावयाच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून दुसरा घेतला. दोघांनीही आज वार कोणता एवढंच विचारलं. दोन्ही दाखले सोबत टाचले आहेत. हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेला नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला होता, तो कलम चारमध्ये येईल.

वकिलाकडून लिहून का घेतलं नाही, असं कोणी विचारेल. आमच्या ओळखीचा जो एक वकील आहे त्याच्याकडे स्वतःची जुनी तीनचाकी आहे आणि तो दरवर्षी आमच्याच धावेत भाग घेतो. त्याच्या हातात माझ्या गाडीचे कागद देण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

कलम १. खुलासा.

ज्यांना आमचं वेड माहीत नाही त्यांच्यासाठी हे कलम आहे. थंडी पडायला लागली की एका रविवारी सकाळी सात वाजता अगदी पहिल्या काळातल्या मोटारींची धाव निघते. मोटार ही चीज जगात आल्यावर पहिल्या वीस वर्षांत ज्या गाड्या बनल्या, त्यांनाच घेतात. दारं नाहीत, टप नाही, काहींना तर स्टिअरिंगचं चाकसुद्धा नाही, नुसता एक दांडा. घड्याळाच्या चौकातून निघायचं आणि ऐंशी किलोमीटरवर बंदराच्या धक्क्यापाशी पोचायचं. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला ते कोणी विचारतही नाही. सूर्य बुडायच्या आत जो पोचेल त्याला पितळेची एक तळहाताएवढी पाटी मिळते. त्या पाटीपायी चांगली शहाणीसुरती माणसं वर्षभर एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघतात. त्यांतला मी एक.

आमची गाडी एका सिलिंडरची, दांड्याची, दोन माणसं पुढे आणि मागे तोंड करून बसायला एक लहान सीट. नाव आत्याबाई. कुरकुर करते, रुसून बसते, पण शेवटी येते, म्हणून. तिचा सांगाडा मला एका वीटभट्टीच्या शेडमध्ये सापडला. त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. सांगाड्याच्या पाटीवर इंजिनाचा नंबर होता, आणि माझा धाकटा भाऊ त्या एका नंबरमागे चार वर्षं हिंडला. शेवटी एका रोपवाटिकेत ते इंजिन विहिरीचं पाणी उपसताना त्याला दिसलं. पुढची सहा वर्षं आम्ही दोघं ते दोन तुकडे एक करत होतो. धावेची एक तारीख समिती असते, ती गाडीचं जन्मसाल तपासते. समितीने नंबर जुळतात असा शिक्का मारला त्या दिवशी भाऊ सगळ्यांसमोर रडला. मी रडलो नाही. माझ्या डोळ्यात ग्रीस गेलं होतं.

कलम २. घर.

दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या मुलीला. एकुलती एक आहे, वाटणीचा प्रश्न नाही. माळ्यावर तीन पत्र्याचे डबे आहेत. त्यांतला मधला डबा जावई घरात नसताना उघडावा. त्यात आत्याबाईचे जास्तीचे सुटे भाग आहेत. ते आता जगात कुठे मिळत नाहीत, आणि ही गोष्ट जावयाला ठाऊक नसलेली बरी.

कलम ३. बँकेतली शिल्लक.

तीही मुलीला. किती आहे ते इथे लिहीत नाही. कागद कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

कलम ४. जावई.

जावई बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या शोरूममध्ये आहेत. माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण गेल्या दोन वर्षांत त्यांनी मला तीनदा सुचवलं, की "बाबा, आता गाडी कोणीतरी नीट सांभाळेल अशाला देऊन टाका." नीट म्हणजे काय? आणि एकदा मी वरून खाली आलो तर हे आत्याबाईचे फोटो काढत होते. विचारलं तर म्हणाले, "आठवण म्हणून, घरच्यांसाठी." ते फोटो मी मागून घेऊन पाहिले. अकरा फोटो, त्यांत घरचं माणूस एक नाही, आणि इंजिनाचा नंबर मात्र चार फोटोंत. मी काय समजायचं?

तरीही जावई म्हणून त्यांचा मान राखतो. माझं मनगटी घड्याळ त्यांना द्यावं. ते चार मिनिटं पुढे चालतं आणि ते स्वतः वीस मिनिटं मागे चालतात. थोडाफार मेळ बसेल.

कलम ५. दातांचे डॉक्टर.

यांची वाफेवर चालणारी गाडी आमच्या शेजारच्या नंबरवर उभी राहते. शिट्टी फार वाजवतात. तिच्या सांगाड्यावरचा नंबर ज्या पोलादी ठशाने ठोकलाय त्याचा चारचा आकडा मी स्वतः भिंग लावून पाहिलाय. तसला चारचा आकडा शंभर वर्षांपूर्वी कोणी ठोकत नव्हतं. तारीख समितीला मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. समितीच्या सचिवांचे दात कोण बघतं, हे ज्याने त्याने ओळखावं. माझं ते भिंग डॉक्टरांना द्यावं. स्वतःच्या गाडीकडे एकदा बघा म्हणावं.

कलम ६. धाकटा भाऊ.

(समासातली नोंद: हे कलम पुढे खोडलं आहे. का, ते कलम सातमध्ये. कोरा कागद घेऊन सगळं नव्याने लिहिता आलं असतं. मुद्दामच लिहिलं नाही. मी काय करायला निघालो होतो ते वाचणाऱ्याला दिसू दे.)

माझा धाकटा भाऊ दुकानामागच्या खोलीत राहतो. लेथ आमच्या दोघांचा. त्याला मी पुढील वस्तू देतो: आत्याबाईच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण. बाकी काही नाही. गाडी नाही, लेथमधला माझा हिस्सा नाही, दुकानाची माझी अर्धी जागा नाही. झाकणच का, ते त्याला बरोबर कळेल. इतरांना कळावं म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वीची धाव ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर धाव. रस्त्यात साधारण अर्ध्यावर एक पाण्याचा थांबा आहे. तिथे सगळे रेडिएटर भरून घेतात, कारण लगेच मोठा चढ लागतो, आणि चढ संपला की दीड किलोमीटरचा सरळ उतार, थेट खालच्या पुलापर्यंत. त्या वर्षी तो उतार मी ब्रेकला हात न लावता उतरलो. मुलगी शेजारी होती, साक्षीदार आहे. खाली पोचल्यावर मी तिला म्हटलंसुद्धा, "बघितलंस? ब्रेकला हात नाही लावला!" त्या आनंदाला एकच गालबोट. त्या दिवशी मुलीचं मनगट दुखावलं. गाडी सुरू करायचं हँडल फिरवताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा असतो, विळखा घालायचा नसतो, नाहीतर इंजिन उलटं फिरलं की हँडल मनगट फोडतं. हे मी तिला दहाव्या वर्षापासून शिकवलंय, आणि तरी तिने विळखा घातला. आजही चारचौघांत मी तिला त्यावरून बोलतो.

त्यानंतर तीन वर्षं पाटी नाही. तिन्ही वर्षं आत्याबाई त्याच चढावर, अर्ध्यात, खोकत खोकत बंद पडली. आता हे समजून घ्या. आत्याबाईची टाकी सीटखाली आहे, इंजिनापेक्षा खालच्या अंगाला. पेट्रोल आपोआप येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने हातपंपाने टाकीत हवा भरत राहायचं, त्या दाबाने पेट्रोल वर चढतं. सपाटीवर अधूनमधून चार हात मारले की पुरतं. चढावर सारखं मारावं लागतं. टाकीचं झाकण जरा जरी सैल असलं तरी दाब टिकत नाही आणि गाडीचा जीव जातो. तिन्ही वर्षं मी ओरडत होतो, "पंप मार, पंप मार!" आणि पोरगी बिचारी घामाघूम होऊन पंप मारत होती. गाडी बंद पडल्यावर बघावं तर झाकण सैल.

एकदा झालं तर चूक. दोनदा झालं तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय हे मी ओळखलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, सापळा लावला. बेअरिंग बरोबर बसतंय का हे पाहायला आम्ही एक निळा रंग वापरतो. बोटाला लागला की आठवडाभर निघत नाही. धावेच्या सकाळी तो मी झाकणाच्या कडेला आतून लावून ठेवला. कोणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

आत्याबाई चढावर बंद पडली. मी इंजिनाखाली शिरलो, सवयीने एकदा सगळं तपासलं, बाहेर आलो, झाकण पाहिलं. सैल. तोवर मागून भाऊ पिकअप घेऊन पोचला होता. आमची हत्यारं आणि पाणी घेऊन तो दरवर्षी मागे असतो, पाण्याच्या थांब्यावरही असतो. मी सगळ्यांचे हात बघितले. दातांचे डॉक्टर शिट्टी वाजवत शेजारून गेले, त्यांचे हात पांढरेफटक. जावई कॅमेरा घेऊन आले होते, हात स्वच्छ. मुलीचे हात स्वच्छ. मग मी भावाला म्हटलं, "दाखव हात."

त्याने दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताची तीन बोटं निळी.

"काही बोलायचंय?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. सकाळी लेथ माझ्याकडे, दुपारनंतर त्याच्याकडे. निरोप पत्र्याच्या फळीवर खडूने. इंजिन त्याला सापडलं होतं, गाडीच्या कागदांवर नाव मात्र माझं होतं, हे त्याला कायम सलत असणार असं माझं मत आहे. या वर्षीच्या धावेसाठी मी नवं झाकण कातलंय, कुलपाचं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. यंदा आत्याबाई तो चढ चढणार आणि पलीकडचा उतार उतरणार, मग कोणाच्या पोटात दुखो. जुनं झाकण भावाला द्यावं.

कलम ७. कलम सहा का खोडलं.

वरचं सगळं मी गुरुवारी लिहिलं. शुक्रवारी दुपारी मुलगी आली. धावेच्या आधी ती येते, पंपाचा वॉशर बघते, तेलाचे थेंब नीट पडतायत का ते मोजते. सीट उचलल्यावर तिला कुलूप दिसलं.

"हे काय, बाबा?"

"कुलूप."

"टाकीला?"

"मग कुठे लावू? चोर टाकीवरच येतो."

"किल्ली कुठाय?"

मी गळ्यातला दोरा वर काढून दाखवला. ती स्टुलावर बसली. मला वाटलं, बापाची हुशारी बघून थक्क झाली. म्हणून खुशीत येऊन मी तिला वर खोलीत नेलं आणि कलम सहा वाचून दाखवलं. मृत्युपत्र असं वाचून दाखवायचं नसतं, पण मला राहवलं नाही. "बाकी काही नाही" इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "थांबा."

मी थांबलो.

"काका नाही, बाबा. मी."

"काय मी?"

"झाकण मी सैल करायचे. तिन्ही वर्षं."

मी हसलो. म्हटलं, काकाला वाचवायला बघतेस होय. चुलत्याचा पहिल्यापासून लळा. मग ती नुसती हवेत हात फिरवून म्हणाली, "अर्धा फेरा. पाण्याच्या थांब्यावर, तुम्ही रेडिएटरवर वाकलात की."

अर्धा फेरा हे मी कोणाला सांगितलेलं नाही. या कागदातसुद्धा लिहिलेलं नाही, वर वाचून बघा. नुसतं "सैल" लिहिलंय. ही युक्ती मी मुद्दाम राखून ठेवली होती, गुन्हेगाराने स्वतःच्या तोंडाने बोलावं म्हणून. ती माझ्याच पोरीवर लागू पडली.

"आणि तो पंप? घामाघूम होऊन मारायचीस तो?"

"झाकण सैल असल्यावर कितीही मारला तरी काय होणार होतं?"

"पण का?"

"कारण चढामागे उतार आहे."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं, आणि ते मी जसंच्या तसं लिहितोय, कारण मला स्वतःला त्यातलं काहीही आठवत नाही. चार वर्षांपूर्वी, त्या सुंदर धावेत, उतार सुरू झाल्यावर थोड्या वेळाने माझे हात दांड्यावरून सुटले आणि मांडीवर पडले. डोळे उघडे होते. तिने तीनदा हाक मारली. मी समोर बघत होतो आणि ऐकत नव्हतो. समोरून बस येत होती. तिने माझ्या अंगावरून झेप घेऊन दांडा धरला, दुसऱ्या हाताने ब्रेकचा लिव्हर ओढला. चाक खड्ड्यात गेलं आणि दांड्याने झटका दिला. मनगट तिथे गेलं, हँडलने नव्हे. बस हातभर अंतरावरून गेली. पुलापाशी गाडी थांबली तेव्हा मी मान हलवली, तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "बघितलंस? ब्रेकला हात नाही लावला!"

खरंच होतं ते. मी नव्हताच लावला.

मी तिला मनगट फिरवून दाखवायला सांगितलं. संशय माझ्या हाडात आहे, काय करू. ते अजून पुरतं फिरत नाही. हँडलचा मार असा बसत नाही, असा पिळा पडत नाही, हे चाळीस वर्षं हँडल फिरवलेल्या माणसाला चार वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं. मी बघितलंच नव्हतं. तिला दोष देण्यात मी गुंतलो होतो.

"मला सांगायचं नाही का तेव्हाच?" मी ओरडलो. ओरडलो, हे कबूल करतो.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी किल्लीचा दोरा शर्टाच्या आत सारला.

"म्हणाला असतात, काकाने पढवलंय. नाहीतर यांनी पढवलंय, गाडी विकायला. बाबा, डॉक्टरांकडे चला म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, डॉक्टर जावयाचा माणूस आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणालात, त्याचं नाव तुला कोणी सुचवलं? मग मी काय करायचं होतं? तुमच्यासमोर गाडी फोडायची?"

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला लाज वाटली. साध्या शब्दांत सांगायचं तर, ज्या घरात खरं बोललं की आधी कोणी शिकवलं ते विचारतात, त्या घरात खरं कोण बोलेल? आणि ते घर मी केलं. बायको असती तर तिने मला हे कधीच तोंडावर सांगितलं असतं.

कलम ८. भावाची जबानी.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. झाकण मुलीने सैल केलं तर बोटं भावाची निळी का? मुलीला वरच बसवलं, दाराला बाहेरून कडी घातली, म्हणजे दोघांना आपसात काही ठरवायला वाव नको, आणि खाली गेलो. दुपार असल्यामुळे लेथ त्याच्याकडे होता. मी बटण बंद केलं. वर्षभरातला पहिला शब्द मी बोललो.

"हातमोजे कुठायत तिचे?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग त्याने खालचा ड्रॉवर ओढला. मुलीचे गाडीवरचे चामडी हातमोजे तिथे होते. उजव्याची बोटं निळी.

धावेत ती हातमोजे घालून बसते. गेल्या वर्षी चढावर तिचे हात उघडे होते. मी सगळ्यांचे हात तपासले आणि हातमोजे कुठे गेले हे विचारायचं मला सुचलं नाही. एवढा मोठा मी संशयी!

"मी पोचलो तेव्हा तू इंजिनाखाली होतास," भाऊ म्हणाला. "ती हातमोज्यांकडे बघत उभी होती, पांढरी पडलेली. निळं बघितलं आणि मला कळलं तू काय केलंयस. मी ते तिच्या हातांतून ओढले आणि खिशात घातले. ओले होते."

"पुसायचे होतेस हात."

"पुसले. जातंय का ते? तुलाच ठाऊक."

"तेव्हा तुला उताराचं माहीत होतं?"

"नव्हतं. तिने नंतर पिकअपमध्ये सांगितलं."

म्हणजे कारण माहीत नसतानाच त्याने हात पुढे केले होते. मी स्टूल ओढून बसलो.

"का घेतलंस अंगावर?"

"तू माझ्याशी बोलणं टाकणार हे दिसतच होतं. टाक म्हटलं. तू वर, मी मागे, लेथ मध्ये. रोज दिसतोसच. तिच्याशी टाकलं असतंस तर ती इथे आली नसती. मग तुझ्याकडे बघायला कोण होतं?"

"आणि यंदा मी कुलूप लावलं असतं तर? लावलंच आहे!"

"बघितलं. काल रात्री इंजिनाचा प्लग काढून घेणार होतो. मग म्हटलं, नको, पोरगी येतेय उद्या, आधी तिला विचारू."

मी म्हटलं, "इंजिन तुझं होतं. घेऊन जायचंस. भांडण मिटलं असतं."

"आणि तू आठ दिवसांत गेला असतास."

"मी चुकलो" असं मी त्याला म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "लेथचं कूलंट संपलंय." मी म्हटलं, "आणतो." आणि उठून आणलं. पण ते शब्द राहिले ते राहिलेच, म्हणून इथे लिहितो, शाईने, दोन साक्षीदारांसमोर सही होणाऱ्या कागदावर: मी चुकलो. वर्षभर मी माझ्या सख्ख्या भावाशी फळीवर खडूने बोललो, आणि त्याने माझ्या मुलीसाठी ते सोसलं.

मुलगी वर कडीत आहे हे मला अर्ध्या तासाने आठवलं. त्याबद्दल ती मला वेगळं बोलली.

कलम ९. सहाच्या जागी.

दुकानाची माझी अर्धी जागा आणि लेथमधला माझा हिस्सा धाकट्या भावाला. त्याने तो नाकारू नये. नाकारण्यामागे त्याचा काहीतरी डाव आहे असं मी वरूनसुद्धा समजेन.

जावयांना विचारलं. अकरा फोटोंपैकी चार विम्याच्या फॉर्मसाठी होते. फॉर्म भरलेला आहे, मी वाचला, शिक्काही पाहिला. घड्याळ त्यांनाच राहू दे, आणि कलम दोनमधला मधला डबा त्यांच्यासमोर उघडला तरी चालेल. दातांच्या डॉक्टरांचं कलम आहे तसंच ठेवावं. तो चार खोटाच आहे.

आत्याबाईबद्दल. ती मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही, कारण ती आज, जिवंतपणी, देऊन टाकली आहे: मुलगी आणि भाऊ, दोघांना मिळून. कुलपाची किल्लीही मुलीच्या हातात दिली. माझं वाहन चालवण्याचं लायसन्स आज सकाळी रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवलं. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पावती सोबत टाचली आहे. तिसऱ्या डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे. ते कोणाच्याही ओळखीचे नाहीत. मुलीने त्यांचं नाव चिठ्ठ्या टाकून काढलं, माझ्यासमोर.

धाव उद्या आहे. सचिवांकडे जाऊन प्रवेशाचा अर्ज बदलून घेतला. चालक या रकान्यात मुलगी. पंपावर मी. मागच्या सीटवर, मागे तोंड करून, भाऊ. पिकअप जावई आणतील, वीस मिनिटं मागून का होईना.

मुलीने एक अट घातली आहे आणि ती मी लेखी मान्य करतो. आत्याबाईचे ब्रेक चामड्याच्या पट्ट्यांचे आहेत. उतारावर तिघांचं वजन ते पेलणार नाहीत. म्हणून चढ संपल्यावर, वर, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी उतरायचं. गाडी ती एकटी खाली नेईल आणि पुलापाशी आमची वाट बघेल. आम्ही चालत जायचं. मी तिला म्हटलं, आत्याबाई चांगल्या दिवशीही सूर्य टेकता टेकता पोचते, त्यात हे दीड किलोमीटर पायी, आम्हाला वेळ लागेल, सूर्य बुडायच्या आत पोचणं होणार नाही, यंदाही पाटी जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. भावाला विचारलं, तोही म्हणाला, जाऊ दे. मला स्वतःला दीड किलोमीटर कमीच वाटतोय. वर्षभराचं बोलणं राहिलंय आमचं.

स्थळ: दुकानातलं टेबल, लेथशेजारी.
तारीख: धावेचा आदला दिवस, शनिवार, दुपारी चार.

सही: लेथवाले थोरले.
(कलम सहावरची काट मीच मारली आहे. तिथेही सही केली आहे.)

साक्षीदार पहिला: शेजारचे चष्मेवाले. सही समोर झाली. कागद वाचलेला नाही.

साक्षीदार दुसरा: समोरचे कुलपं दुरुस्त करणारे. सही समोर झाली. कागद वाचू दिला नाही.